संगणक रुसला? औषध त्याच्या पोटातच असते!

संगणक सुरू होईनासा झाला की तो उचलायचा, दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा आणि ‘सगळे पुसून नव्याने टाका’ म्हणून सांगायचे, असा रिवाज घरोघरी पडून गेला आहे. पण दुरुस्तीची सोय असलेला एक कप्पा बहुतेक संगणकांसोबत आधीच मिळालेला असतो. अडचण असते ती त्याचे दार ऐनवेळी उघडण्याची.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावरील प्रवासी सहजासहजी विसरणार नाहीत. विमान कंपन्यांची संगणक यंत्रणा कोलमडली आणि कर्मचाऱ्यांनी चक्क पांढरा फळा आणून त्यावर हाताने विमानांची माहिती लिहायला सुरुवात केली. देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. एकट्या इंडिगो कंपनीला जवळजवळ दोनशे उड्डाणे रद्द करावी लागली.

हा काही घातपात नव्हता की व्हायरसचा हल्लाही नव्हता. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक सदोष फाइल पाठवली होती. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती निघाली आणि ७८ मिनिटांनी मागे घेण्यात आली. पण तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले होते. विंडोजवर चालणाऱ्या एकूण संगणकांच्या मानाने हा आकडा एक टक्क्याहूनही कमी. तरीही विमानतळ, बँका आणि रुग्णालये अडून राहिली.

या घटनेतील खरी शिकवण पुढेच आहे. त्या संगणकांची डिस्क शाबूत होती, माहितीही जागच्या जागी होती. बिघडली होती ती फक्त एक छोटी फाइल. ती पुसली की संगणक पुन्हा धावू लागणार होता. परंतु पुसायला आत शिरायचे कसे? विंडोज सुरू होता होताच कोसळत होते! अखेर दिल्लीतीलच ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेने, तसेच खुद्द क्राउडस्ट्राइकने, एकच वाट दाखवली. संगणक ‘सेफ मोड’मध्ये किंवा दुरुस्तीच्या कप्प्यातून सुरू करा, ती फाइल काढा आणि पुन्हा चालू करा. जगभरातील तंत्रज्ञ एकेका यंत्रापुढे बसून हेच करत होते. ज्यांना कप्प्याचे दार ठाऊक होते आणि ज्यांच्याजवळ कुलपाची किल्ली होती, त्यांचे काम काही मिनिटांत झाले. ज्यांच्याजवळ नव्हती, ते दिवसचे दिवस अडकले.

घरातही हेच घडते

घरगुती संगणकावर असे संकट यायला अमेरिकेतील कंपनीची चूक लागत नाही. गुडगाव किंवा नोएडातील एखाद्या फ्लॅटमध्ये विंडोजचे अपडेट चालू असताना वीज जाते. शाळकरी मुलगा कंटाळून बटण दाबून यंत्र बंद करतो. कॉलेजात जाणारी मुलगी हौसेने लिनक्स टाकून पाहते. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर दोन ओळी तेवढ्या दिसतात. नेमका त्याच दिवशी परीक्षेचा अर्ज भरायचा असतो किंवा आयकराचे विवरण पाठवायचे असते.

मग संगणक नेहरू प्लेसला जातो. दक्षिण दिल्लीतील हा संगणकाचा बाजार साऱ्या राजधानीला माहीत आहे. तिथे काय मिळत नाही? सुटे भाग, जुनी यंत्रे, नवी यंत्रे आणि हाताशी पेचकस घेऊन बसलेले कुशल कारागीर. त्यातील एखादा विचारतो, ‘डेटा चाहिए क्या?’ घाईत असलेला माणूस हा प्रश्न नीट ऐकतही नाही. तासाभरात विंडोज नव्याने टाकून मिळते आणि घरी आल्यावर लक्षात येते की मुलीच्या बारशाचे फोटो गेले, आजोबांच्या पेन्शनची कागदपत्रे गेली, चार वर्षांचा घरखर्चाचा हिशेबही गेला.

यात कारागिराला तरी दोष कसा द्यावा? पुसून नव्याने टाकणे हा त्याच्यासाठी सर्वांत कमी वेळेचा आणि खात्रीचा उपाय असतो. खरे तर बऱ्याच वेळा बिघाड त्या १९ जुलैच्या बिघाडासारखाच असतो. माहिती सुखरूप असते, फक्त आत शिरायची वाट बंद झालेली असते.

काय असते या कप्प्यात?

संगणकाची डिस्क म्हणजे एक मोठे कपाट आहे असे समजा. त्याचे कप्पे पाडता येतात. या कप्प्यांना पार्टिशन म्हणतात. सर्वांत मोठ्या कप्प्यात विंडोज आणि आपली माहिती असते. त्यालाच आपण ‘सी ड्राइव्ह’ म्हणतो. त्याच्याशेजारी बहुधा एक लहानसा, सहसा नजरेस न पडणारा कप्पा असतो. तो म्हणजे रिकव्हरी पार्टिशन.

त्यात एक छोटेखानी विंडोज घडी घालून ठेवलेले असते. ते सुरू केले की डिस्कवरच्या मुख्य विंडोजला हात न लावता ते थेट संगणकाच्या मेमरीत उघडते आणि तिथूनच काम करते. डॉक्टरने बाहेर उभे राहून रोग्याला तपासावे, तसाच हा प्रकार. यातून सुरुवातीचा बिघाड आपोआप दुरुस्त करता येतो, नुकतेच आलेले अपडेट काढून टाकता येते, यंत्राला आधीच्या तारखेच्या स्थितीत नेता येते आणि ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून एखादी फाइल काढता किंवा वाचवता येते.

पूर्वी हे सुख नव्हते. विंडोज ९८ च्या काळात लोक ‘स्टार्टअप फ्लॉपी’ जपून ठेवत असत. ती हरवली किंवा तिला बुरशी लागली की संपले. पुढे संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनी डिस्कवरच गुप्त कप्पा द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टचा दुरुस्तीचा संचही नेहमीच्या मांडणीतच डिस्कवर ठेवला जाऊ लागला.

मग हे औषध हाताशी असूनही उपयोगी का पडत नाही? कारण या कप्प्याचे दार उघडण्याचे काम बहुधा विंडोजच्याच द्वारपालाकडे असते आणि नेमका तोच आजारी पडतो. म्हणजे औषधाच्या कपाटाची किल्ली बेशुद्ध पडलेल्या माणसाच्याच खिशात!

संगणक जागा होतो तो असा

बटण दाबल्यावर संगणकाला काहीच ठाऊक नसते. विंडोज डिस्कवर आहे. पण डिस्क वाचायला तरी आधी काही कार्यक्रम हवा ना? आपल्याच खांद्यावर आपणच चढण्यासारखा हा पेच आहे. इंग्रजीत आपल्याच बुटांची नाडी धरून स्वतःला वर उचलण्याची कल्पना आहे. ‘बूट’ हा शब्द त्यावरूनच आला.

हा पेच सोडवायला यंत्राच्या मुख्य पाटीवर एका चिपमध्ये छोटा कार्यक्रम कायमचा भरलेला असतो. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसीपासून पुढे अनेक वर्षे त्याला ‘बायोस’ म्हणत. हा बायोस तसा अल्पमती. त्याला डिस्कचा केवळ पहिला तुकडा वाचता येतो. तो तुकडा ५१२ बाइटचा आणि त्यातही कार्यक्रमासाठी जागा ४४६ बाइटची. म्हणजे इंग्रजी मजकुराच्या जेमतेम पाचसहा ओळी! या पाचसहा ओळींचे काम एवढेच की, चार कप्प्यांच्या यादीत ज्याच्यासमोर ‘अॅक्टिव्ह’ अशी खूण असेल त्या कप्प्याला हाक मारायची.

नव्या यंत्रांत बायोसची जागा ‘यूईएफआय’ या व्यवस्थेने घेतली. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून ती घरोघरी पोहोचली. ही व्यवस्था बरीच हुशार आहे. तिला स्वतःची यादी ठेवता येते आणि ‘फॅट ३२’ पद्धतीने आखलेला कप्पा उघडून त्यातील फाइल स्वतः चालवता येते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होतो तो याच गुणामुळे.

या दोन्ही व्यवस्था आणि विंडोज यांच्यामध्ये उभा राहणारा कार्यक्रम म्हणजे बूट लोडर. लिनक्स टाकताना बहुधा ‘ग्रब’ नावाचा वेगळा बूट लोडर येतो आणि तो सुरुवातीला यादी दाखवून विचारतो की, यातील काय चालू करू? सोय चांगली, पण मधला एक माणूस वाढला. तो रुसला की यादीतील कुणीच सुरू होत नाही. जुन्या लॅपटॉपवर ग्रब टाकल्यानंतर कंपनीची रिकव्हरीची कळ चालेनाशी झाल्याचा अनुभव पुष्कळांना आला, तो यामुळेच. त्या कळीला जबाब देणाऱ्या पाचसहा ओळीच ग्रबने पुसलेल्या असत.

म्हणूनच शहाणपण यात आहे की, दुरुस्तीच्या कप्प्याला शक्य तो कुणा मध्यस्थाची गरजच राहू नये. चिपमधील व्यवस्थेने त्याला सरळ हाक मारावी.

जुने यंत्र : एका खुणेचा खेळ

आपले यंत्र कोणत्या पद्धतीचे आहे हे पाहणे सोपे आहे. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. ‘बायोस मोड’ या ओळीपुढे ‘लेगसी’ असेल तर यंत्र जुन्या पद्धतीने चालते, ‘यूईएफआय’ असेल तर नव्या.

जुन्या पद्धतीत वेगळ्या बूट लोडरशिवाय रिकव्हरी कप्पा सुरू करायचा म्हणजे ‘अॅक्टिव्ह’ ही खूण विंडोजच्या कप्प्यावरून उचलून रिकव्हरीच्या कप्प्यावर ठेवायची. हे काम विंडोजमधील ‘डिस्कपार्ट’ या साधनाने होते. त्यात आधी डिस्क निवडायची, मग कप्प्यांची यादी पाहायची, हवा तो कप्पा निवडायचा आणि ‘अॅक्टिव्ह’ हा हुकूम द्यायचा. यंत्र पुन्हा चालू केले की रिकव्हरी समोर येते.

मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, त्या कप्प्यात सुरू होण्याच्या फाइली असायला हव्यात. अनेक कंपन्यांच्या जुन्या रिकव्हरी कप्प्यांत त्या असत. पण नसल्या तर ‘बूटमॅनेजर सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. दुसरी, काम झाल्यावर खूण मूळ जागी परत ठेवायला हवी, नाही तर यंत्र दरवेळी रिकव्हरीतच उघडेल. खूण चुकीच्या कप्प्यावर गेली तरी घाबरण्याचे कारण नाही. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून, शिफ्ट धरून एफ १० दाबल्यास कमांड प्रॉम्प्ट उघडतो आणि तिथून खूण पुन्हा जागेवर ठेवता येते. म्हणूनच असा पेनड्राइव्ह आधी तयार असल्याखेरीज या वाटेला जाऊ नये.

नवे यंत्र : दार थेट उघडा

नव्या पद्धतीच्या डिस्कवर ‘अॅक्टिव्ह’चा हुकूम चालतच नाही. तिथे दुसरी अडचण असते. रिकव्हरीचा कप्पा बहुधा ‘एनटीएफएस’ पद्धतीने आखलेला असतो आणि चिपमधील व्यवस्थेला हमखास वाचता येते ती ‘फॅट ३२’ची भाषा. त्यामुळे ती या कप्प्याशी थेट बोलू शकत नाही. मध्ये विंडोजचा बूट मॅनेजर लागतो.

यावर उपाय असा की मूळ रिकव्हरी कप्प्याला धक्का न लावता, डिस्कवर सुमारे २ जीबीचा एक नवा छोटा कप्पा काढायचा आणि तो फॅट ३२ पद्धतीने आखायचा. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये सी ड्राइव्ह थोडा आखडता घेऊन हे करता येते. मग ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ या विंडोजच्याच साधनाने एक पेनड्राइव्ह तयार करायचा. ते करताना ‘सिस्टिम फाइल्स’ची खूण काढून टाकावी, म्हणजे तो आटोपशीर राहतो. त्या पेनड्राइव्हमधील सर्व काही, लपलेल्या फाइलींसह, जसेच्या तसे नव्या कप्प्यात उतरवायचे.

यात जादू कुठली? त्या फाइलींत ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर असतो, त्यात ‘बूट’ नावाचा आणि त्यात ‘बूटएक्स ६४’ नावाची फाइल. सुरू होण्यासाठी दुसरे काहीच सांगितलेले नसेल तर याच नावाची फाइल शोधायची, असा यूईएफआयचा ठरलेला नियम आहे. ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या डिजिटल सहीची असते, त्यामुळे ‘सिक्युअर बूट’ ही सुरक्षा बंद करावी लागत नाही. वेगळा बूट लोडर नको आणि त्याची यादीही नको.

त्यानंतर यंत्र सुरू होताना बूट मेनूची कळ दाबायची. डेल, लेनोवो आणि एसर यांच्या पुष्कळ यंत्रांत ती एफ १२ असते, एचपीमध्ये एफ ९, तर एसुसमध्ये एस्केप किंवा एफ ८. काही यंत्रे पेनड्राइव्हवरील ती फाइल आपोआप शोधतात, पण आतल्या डिस्कवरील नवा कप्पा यादीत दाखवत नाहीत. अशा वेळी चिपच्या सेटिंगमध्ये ‘अॅड बूट ऑप्शन’सारखी सोय असेल तर तिथे जाऊन ती फाइल एकदा दाखवून द्यावी लागते. ज्या यंत्रांत ही सोयच नाही, त्यांनी पेनड्राइव्हवरच समाधान मानावे. तोही बूट मॅनेजरच्या मदतीशिवायच सुरू होतो.

त्याआधी ही चार कामे

कप्पे पाडण्याची हौस सगळ्यांना नसते आणि तशी गरजही नाही. पण पुढील चार कामे मात्र प्रत्येक घरात व्हायलाच हवीत. सारी मिळून एका रविवारच्या दुपारीत होतात.

पहिले काम, आपल्या यंत्रातील रिकव्हरी जागी आहे का ते पाहणे. कमांड प्रॉम्प्ट ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडा. ‘रीएजंटसी’ असा एकसलग शब्द इंग्रजीत टाका. त्याची अक्षरे अशी : आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी. मग थोडी जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागूनच ‘इन्फो’. उत्तरात ‘एनेबल्ड’ आले तर ठीक. ‘डिसेबल्ड’ आले तर ‘इन्फो’च्या जागी ‘एनेबल’ लिहून पुन्हा पाहा. डिस्क बदलताना किंवा नको त्या फाइली काढण्याच्या नादात हा कप्पा अनेकदा उडालेला असतो आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरे काम, कुलपाची किल्ली लिहून ठेवणे. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क ‘बिटलॉकर’ने आपोआप कुलूपबंद होते. रिकव्हरीतून माहितीपर्यंत जाताना किंवा सुरू होण्याचा क्रम बदलल्यावर यंत्र ४८ अंकी किल्ली मागते. ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केला त्या खात्यात जमा असते. पण ते खाते कोणाच्या नावाचे? पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचे की ऑफिसचे? हे आजच शोधा. ४८ अंक कागदावर उतरवा आणि रेशनकार्ड, विम्याचे कागद जिथे असतात तिथे ठेवा. कप्पे पाडण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते थांबवायलाही विसरू नका.

तिसरे काम, रिकव्हरीचा पेनड्राइव्ह करणे आणि त्यावर नाव लिहून तो बाजूला ठेवणे. पेनड्राइव्ह तयार करताना त्यातील जुने सारे पुसले जाते, तेव्हा गाण्यांचा पेनड्राइव्ह घेऊ नका.

चौथे आणि सर्वांत दुर्लक्षित काम, एकदा चालवून पाहणे. स्टार्टमधील ‘रीस्टार्ट’वर क्लिक करताना शिफ्टची कळ धरून ठेवली की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे काय काय आहे ते वाचा आणि काहीही न करता ‘कंटिन्यू’ म्हणून बाहेर या. मग पेनड्राइव्हवरूनही एकदा सुरू करून पाहा.

ही तालीम अनाठायी नाही. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटसाठी रिकव्हरी कप्प्यात २५० एमबी मोकळी जागा लागत होती. ती नसल्याने असंख्य यंत्रांवर ते अपडेट अडकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीचा माऊस आणि कीबोर्डच चालेनासे झाले आणि मायक्रोसॉफ्टला २० तारखेला घाईने सुधारणा पाठवावी लागली. औषधाची बाटली भरलेली आहे एवढे पुरत नाही. तिचे बूच निघते की नाही हेही पाहून ठेवावे लागते.

बिघाड झालाच तर

संगणक सुरू होईना, तर प्रथम शांत राहा. विंडोज लागोपाठ दोनतीनदा सुरू होण्यात अपयशी ठरले तर ते सहसा स्वतःच दुरुस्तीच्या पडद्याकडे वळते. तसे न झाल्यास बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडा. त्यानंतर ‘ट्रबलशूट’मध्ये जाऊन उपाय सौम्याकडून कडक असे करत जा. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, मग ताजे अपडेट काढणे, मग ‘सिस्टिम रिस्टोअर’.

यातील काहीच चालले नाही तर पुढचे पाऊल टाकण्याआधी आपली माहिती बाहेर काढा. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नोटपॅड’ टाका. नोटपॅडमध्ये ‘फाइल’ आणि मग ‘ओपन’ निवडले की सगळे कप्पे दिसू लागतात. खाली ‘ऑल फाइल्स’ निवडून हवे ते फोल्डर कॉपी करा आणि जोडलेल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवा. इथे सी ड्राइव्हला कधीकधी दुसरेच अक्षर मिळालेले असते, तेव्हा नावाऐवजी आतील फोल्डर पाहून तो ओळखावा.

‘रीसेट’ हा अखेरचा उपाय. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडल्यास आपल्या फाइली राहतात, टाकलेली सॉफ्टवेअर मात्र जातात. कंपनीने दिलेली ‘फॅक्टरी रिकव्हरी’ त्याहून वेगळी. ती बहुधा यंत्र दुकानातून आणले तसे कोरे करते. या दोहोंतला फरक न वाचता ‘यस’ म्हणणाऱ्यांनीच सर्वांत जास्त फोटो गमावले आहेत.

आणि संगणक नेहरू प्लेसला किंवा आपल्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावाच लागला, तर देतानाच स्पष्ट सांगा की माहिती हवी आहे, आधी रिकव्हरीतून प्रयत्न करा आणि विचारल्याशिवाय काही पुसू नका. हे पावतीवर लिहून घ्या. नवीन विंडोज टाकायचेच ठरले, तर छोटा रिकव्हरी कप्पा न उडवण्याचीही सूचना द्या. जाणकार कारागीर अशा ग्राहकाशी अधिक नीट वागतो असाच अनुभव आहे.

औषधालाही मर्यादा असते

एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रिकव्हरीचा कप्पा त्याच डिस्कवर असतो. डिस्कच जळाली, लॅपटॉप चोरीला गेला किंवा त्यावर चहा सांडला, तर कप्पाही त्याबरोबर जातो. म्हणून कप्पा कितीही सुसज्ज असला तरी पेनड्राइव्ह वेगळा हवा आणि माहितीची प्रत तर आणखी वेगळ्या डिस्कवर हवीच. रिकव्हरी यंत्र वाचवते, आठवणी वाचवतेच असे नाही.

तसेच, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. अजून ते वापरणाऱ्या घरांनी नवी वाट धरण्याआधी रिकव्हरीचा पेनड्राइव्ह आणि माहितीची प्रत या दोन गोष्टी आवर्जून कराव्यात, कारण स्थलांतरातच सर्वाधिक गफलती होतात.

मायक्रोसॉफ्टनेही त्या १९ जुलैपासून धडा घेतला आहे. विंडोज ११ मध्ये २०२५ साली ‘क्विक मशीन रिकव्हरी’ ही सोय आली. यंत्र वारंवार कोसळू लागले तर ते दुरुस्तीच्या कप्प्यातून सुरू होऊन, इंटरनेटला जोडून घेऊन स्वतःच उपाय शोधते. कल्पना उत्तम आहे. पण तीही उभी आहे ती त्याच छोट्या कप्प्यावर. तो उडालेला असेल किंवा बंद पडलेला असेल, तर ही सोय काय करणार?

तेव्हा येत्या रविवारी संगणकापुढे तासभर बसा, मुलांनाही जवळ घ्या. कप्पा जागा आहे का ते पाहा, ४८ अंक वहीत उतरवा आणि दुरुस्तीचा पडदा एकदा उघडून मिटा. हे करायला पेनड्राइव्हपलीकडे फारसा खर्च येत नाही. न केल्यास किती खर्च येतो, ते फोटो गमावलेल्या कुणालाही विचारून पाहा.